राजा, पोप आणि तिसरा माणूस

इतिहासांतील कांहीं भांडणें अशीं असतात कीं, त्यांची हकीकत वाचूं लागलें म्हणजे वाचकाचें मन नकळत एका बाजूस जाऊन बसतें. आणि कांहीं अशीं असतात कीं, दोन्ही पक्षांची कैफियत नीट ऐकून घेतली तरी कोणाचीहि बाजू घ्यावी असें वाटत नाहीं. इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांच्यामध्यें तेराव्या शतकाच्या आरंभीं जें भांडण जुंपलें, तें माझ्या मतें या दुसऱ्या जातीचें होय. इंग्रजी शिकलेल्या आपल्याकडील मंडळींना हा राजा परिचित असतो तो मुख्यतः मॅग्ना कार्टावर नाइलाजानें मोहोर उठविणारा म्हणून. ज्यांनीं शाळकरी वयांत रॉबिन हुडच्या गोष्टी वाचल्या असतील त्यांना तर तो त्याहूनहि आधीं भेटलेला असतो. पोपाशीं झालेलें त्याचें भांडण मात्र पाठ्यपुस्तकांत अर्ध्या पानांत उरकलेलें असतें. गेलीं पंचवीसएक वर्षें हें अर्धें पान मी वर्गांत शिकवीत आलों आहें, आणि प्रकरणाचें खरें मर्म त्या अर्ध्या पानांत आलेलेंच नाहीं असें मला दरवर्षीं अधिकाधिक वाटत आलें आहे.

भांडणाचें मूळ एका रिकाम्या आसनांत होतें. ता. १३ जुलै १२०५ रोजीं कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर वारला. हा गृहस्थ केवळ धर्माधिकारी नव्हता. राजाचा चॅन्सेलरहि तोच होता, आणि राज्यकारभाराचीं अनेक सूत्रें त्याच्या हातीं होतीं. त्याच्या जागीं कोणी यावें हें ठरविण्याचा हक्क कँटरबरीच्या मठांतील संन्याशांचा. परंतु राजाच्या संमतीवांचून निवडणूक करावयाची नाहीं, अशी जुनी वहिवाट. संन्याशांनीं या वेळीं राजाला न विचारतां, गुपचूप, आपल्यांतीलच रेजिनाल्ड नांवाच्या उपमठाधिपतीची निवड केली आणि त्याला रोमकडे रवाना केलें. ही गोष्ट उघडकीस येतांच राजा संतापला, आणि डिसेंबर महिन्यांत त्यानें त्याच संन्याशांकडून आपला विश्वासू माणूस, नॉर्विचचा बिशप जॉन द ग्रे, याची निवड करवून घेतली. एका गादीला दोन वारस उभे राहिले, आणि दोघांनाहि निवडणारे हात तेच! प्रकरण रोमला गेलें. पोपानें दोन्ही निवडणुका रद्द ठरविल्या आणि १२०६ साल संपण्याच्या सुमारास, रोममध्यें आलेल्या कँटरबरीच्या संन्याशांकडूनच, तिसऱ्या माणसाची निवड करविली. हा तिसरा माणूस म्हणजे स्टीफन लँग्टन. जन्मानें तो इंग्रज, लिंकनशायरकडचा. परंतु त्याचें आयुष्य गेलें होतें पॅरिसमध्यें, धर्मशास्त्र शिकण्यांत आणि शिकविण्यांत. बायबलाचे जे अध्याय आज जगभर, आणि आपल्या मराठी बायबलांतहि, पाडलेले दिसतात, त्या विभागणीचें श्रेय सामान्यतः त्यालाच देण्यांत येतें. ता. १७ जून १२०७ रोजीं व्हिटर्बो येथें पोपानें स्वहस्तें त्याला आर्चबिशपपदाची दीक्षा दिली. जॉननें त्याला आपल्या राज्यांत पाऊल टाकूं देण्याचें साफ नाकारलें आणि कँटरबरीच्या संन्याशांना देशाबाहेर हांकून दिलें.

आतां दोघांच्या कैफियती पाहूं. राजाचें म्हणणें असें कीं, माझ्या वाडवडिलांच्या वेळेपासून माझ्या संमतीवांचून कोणी आर्चबिशप झालेला नाहीं. आणि ज्याला मी ओळखत नाहीं, जो इतकीं वर्षें माझ्या शत्रूच्या राजधानींत राहिला, तो माझ्या राज्यांतील पहिला धर्माधिकारी आणि माझा पहिला सल्लागार व्हावा, हें मीं कां सोसावें? हा शत्रू म्हणजे फ्रान्सचा राजा फिलिप. त्यानें १२०४ सालीं जॉनच्या हातून नॉर्मंडी हिसकावून घेतली होती, आणि ती जखम ओली होती. म्हणजे राजाच्या म्हणण्यांत निव्वळ हेकटपणा होता असें म्हणतां येत नाहीं. पोपाचें म्हणणें असें कीं, धर्मपीठाचा अधिकारी धर्माच्या दृष्टीनें लायक असावा, राजाच्या दरबारांतील कारकून नव्हे. निवडणूक माझ्यासमोर शास्त्रोक्त रीतीनें झाली आहे, आणि अशा वेळीं राजाच्या संमतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. हेंहि चुकीचें कसें म्हणावें? जॉनचा बाप दुसरा हेन्री याच्या कारकीर्दींत, ११७० सालीं, याच कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट आपल्याच मंदिरांत राजाच्या सरदारांच्या तरवारींना बळी पडला होता, ही आठवण कोणी विसरलें नव्हतें. दोन न्याय एकमेकांसमोर उभे राहिले म्हणजे तंटा सर्वांत अवघड होतो. आणि दोघेहि मानी असले म्हणजे तो मिटविण्याची इच्छाहि कोणास उरत नाहीं.

पोपाच्या हातीं दोन शस्त्रें होतीं. एक बहिष्कार, तो व्यक्तीवर पडे. दुसरें त्याहून भयंकर. तें सबंध देशावर पडे, आणि त्या देशांतील धर्मकृत्येंच बंद करी. पोपानें आधीं हें दुसरें शस्त्र उचललें. आपल्याकडेहि एके काळीं माणसाला वाळीत टाकीत. परंतु तो दंड अपराध करणाऱ्याला, फार तर त्याच्या घराला, भोगावा लागे. येथें पाटलानें अपराध करावा आणि सगळ्या गांवाचें सोयरसुतक अडून बसावें, असा प्रकार होता. ता. २३ मार्च १२०८ रोजीं, ईस्टरच्या सणाला अवघे दोन आठवडे उरले असतां, लंडन, ईली आणि वूस्टर येथील बिशपांनीं हा धर्मबंदीचा हुकूम जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवसापासून इंग्लंडांतील चर्चच्या घंटा मुक्या झाल्या. उपासना बंद झाली. नवजात अर्भकाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचें पापनिवेदन एवढींच कृत्यें चालूं राहिलीं. मृतांना पवित्र भूमींत जागा नव्हती; त्यांना गांवाबाहेर, पाद्र्यावांचून, मंत्रावांचून मातीआड करावें लागे. पुढें १२०९ सालीं मठवासियांना दारें लावून घेऊन आठवड्यांतून एकदां उपासना करण्याची सवलत मिळाली. पण ती मठवासियांना, गांवकऱ्यांना नव्हे.

यावर राजानें काय केलें? त्यानें धर्मसंस्थेच्या जमिनी आणि मिळकती जप्त केल्या, आणि मग पुष्कळांना त्या पैसे घेऊन परत केल्या. ज्या बिशपांच्या गाद्या रिकाम्या पडल्या त्यांचें उत्पन्न सरकारजमा होऊं लागलें. ब्रह्मचर्याचें व्रत घेतलेल्या पाद्र्यांच्या घरीं ज्या स्त्रिया उघडपणें नांदत होत्या, त्यांना त्याच्या माणसांनीं पकडून नेलें आणि पाद्र्यांकडून दंड घेऊन सोडून दिलें. या एका गोष्टीवरून या राजाच्या विनोदबुद्धीची आणि हिशेबीपणाची एकदमच कल्पना येते. नोव्हेंबर १२०९ मध्यें त्याच्यावर व्यक्तिशः बहिष्कार पडला, बहुतेक बिशप देश सोडून गेले, आणि तरीहि राजा डगमगला नाहीं. धर्मबंदीनें त्याचा खजिना रिता झाला नाहीं, उलट भरला.

महामारीनंतर महाविद्यालयें पुन्हां उघडलीं त्या वर्षीं हाच भाग वर्गांत चालला होता. मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, "सर, त्या सहा वर्षांत जीं माणसें गेलीं, त्यांचें पुढें कोणी कांहीं केलें का?" त्या मुलीचे आजोबा १२ व्या किंवा १३ व्या शतकांत नव्हे, तर महामारीच्याच पहिल्या वर्षीं वारले होते, आणि त्यांच्या दहाव्याला घरच्या माणसांखेरीज कोणाला येतां आलें नव्हतें, हें वर्गांत बहुतेकांस ठाऊक होतें. आमच्याकडील ती बंदी माणसें वाचविण्यासाठीं होती आणि इंग्लंडांतील ती बंदी माणसांना वेठीस धरण्यासाठीं होती, हा फरक मोठा आहे, आणि तो मीं सांगितला. पण ज्याच्या घरीं प्रेत पडलें आहे त्याला हा फरक त्या क्षणीं कितपत जाणवतो? मी तिला एवढेंच उत्तर देऊं शकलों कीं, पुढें तह झाला तेव्हां बिशपांच्या, मठांच्या, जप्त केलेल्या जमिनींच्या नुकसानीचा हिशेब झाला. मातीआड गेलेल्या शेतकऱ्यांचें नांव त्या हिशेबांत कोणत्याच बाजूस नव्हतें. त्या दिवसापासून हें प्रकरण शिकवितांना मी प्रथम राजाकडे किंवा पोपाकडे न पाहतां त्या मुक्या घंटांकडे पाहूं लागलों.

पोपाचा अंदाज असा असावा कीं, धर्मावांचून तळमळणारी प्रजाच राजाला शरण जाण्यास भाग पाडील. तो अंदाज साफ फसला. सहा वर्षांत धर्मबंदीमुळें प्रजेनें कोठें बंड केलें नाहीं. माणसें जन्मलीं, लग्नें लागलीं, पेरण्या झाल्या, माणसें मेलीं. राजाला नमावें लागलें तें अगदीं वेगळ्या कारणांनीं. १२१२ सालीं त्याच्या सरदारांनीं त्याच्याविरुद्ध कट केला, आणि १२१३ च्या वसंत ऋतूंत फ्रान्सच्या फिलिपनें इंग्लंडवर स्वारी करण्याची तयारी चालविली. याच सुमारास पीटर नांवाच्या एका बैराग्यानें, येत्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंतच जॉन राजा राहील, असें भविष्य वर्तविलें होतें, आणि तें लोकांच्या तोंडीं झालें होतें. तो सण त्या वर्षीं २३ मे रोजीं होता. त्याच्या आठच दिवस आधीं, ता. १५ मे रोजीं, डोव्हरजवळ ईवेल येथें पोपाचा वकील पँडल्फ याच्यासमोर जॉननें आपलीं इंग्लंड आणि आयर्लंड हीं दोन्ही राज्यें पोपाच्या चरणीं अर्पण केलीं आणि त्याचा मांडलिक म्हणून तीं परत घेतलीं. दरसाल १००० मार्क खंडणी ठरली, इंग्लंडबद्दल ७०० आणि आयर्लंडबद्दल ३००. मार्क हें नाणें नव्हतें. तें १३ शिलिंग ४ पेन्सांचें हिशेबी परिमाण होतें. सण सुखरूप पार पडल्यावर राजानें बैराग्याला फांशीं दिलें. आधींच राज्य देऊन टाकलेल्या राजानें, भविष्य खोटें ठरलें म्हणून भविष्यवाद्याला फांशीं द्यावें, यांतील विसंगति त्या काळच्या बखरकारांच्याहि लक्षांत आली होती.

पुष्कळ इंग्रज लेखकांनीं ही शरणागति म्हणजे राष्ट्राचा मानभंग म्हणून रंगविली आहे. तथापि डावपेंच म्हणून पाहिलें तर ती विलक्षण हुशारीची चाल होती. एका दिवसांत पोप शत्रूचा धनी झाला, म्हणजे आपला झाला. फिलिपच्या स्वारीचा धर्मयुद्धाचा आव गळून पडला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर डॅम येथें इंग्रजांनीं त्याचें आरमार उधळून लावलें. जुलैमध्यें लँग्टन इंग्लंडांत उतरला, आणि ता. २० जुलै रोजीं विंचेस्टर येथें त्यानें राजाला बहिष्कारांतून मुक्त केलें. राजा आणि पोप यांचें सूत जमलें, राजा शुद्ध झाला, आर्चबिशप गादीवर बसला. घंटा मात्र वाजल्या नाहींत. नुकसानभरपाईच्या रकमेचा घोळ मिटला नव्हता, म्हणून धर्मबंदी तशीच चालूं राहिली, ती ता. २ जुलै १२१४ पर्यंत. म्हणजे दोघां धन्यांचा समेट झाल्यावरहि प्रजेला आणखी जवळजवळ एक वर्ष दंड भरावा लागला. आणि ज्या भरपाईसाठीं हें वर्ष गेलें ती पुरी कधींच मिळाली नाहीं. या सबंध प्रकरणांत मला सर्वांत अधिक खुपतें तें हें शेवटलें वर्ष.

येथून पुढें तिसऱ्या माणसाची गोष्ट सुरू होते. ज्याच्या निवडीसाठीं एवढें रामायण घडलें, तो लँग्टन पोपाचा नुसता हस्तक निघाला असता तर हें प्रकरण लवकरच विस्मृतींत गेलें असतें. ता. २७ जुलै १२१४ रोजीं बूव्हीनच्या लढाईंत जॉनच्या दोस्तांचा पराभव झाला, नॉर्मंडी परत मिळण्याची आशा मावळली, आणि करांनीं गांजलेले सरदार उघडपणें उठले. त्यांच्यामध्यें आणि राजामध्यें बोलणीं चालविणारा मुख्य माणूस लँग्टन होता. ता. १५ जून १२१५ रोजीं थेम्सच्या कांठीं रनिमीड येथें जी सनद झाली, तिचें पहिलेंच कलम धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्याचें आहे, आणि ज्यांना आज आपण ३९ वें आणि ४० वें कलम म्हणतों त्यांत, देशाच्या कायद्यावांचून कोणा स्वतंत्र माणसाला पकडूं नये आणि न्याय विकूं नये, असें राजाकडून लिहून घेतलें आहे. आपल्या राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा विचार करतांना कायदेपंडित आपल्या युक्तिवादाची वंशावळ थेट या कुरणापर्यंत नेतात.

ही सनद पोपाला मुळींच रुचली नाहीं. आपल्या मांडलिकाकडून, आपल्याला न विचारतां, धाकदपटशानें लिहून घेतलेला तो करार होता. ता. २४ ऑगस्ट १२१५ रोजीं, म्हणजे अवघ्या दहा आठवड्यांत, इनोसंटनें ती रद्दबातल ठरविली. बंडखोर सरदारांवर बहिष्कार घालण्याचा हुकूम आला. लँग्टननें तो अमलांत आणण्याचें नाकारलें, आणि पोपाच्या प्रतिनिधींनीं त्याला अधिकारावरून तहकूब केलें. ज्या माणसासाठीं रोमनें एक सबंध देश सहा वर्षें धर्मावांचून ठेवला, त्याच माणसाला रोमनें अशा रीतीनें दूर सारलें. त्याला आतां राजाचा आधार नव्हता, पोपाचाहि नव्हता. पुढील वर्षीं दोघेहि प्रतिस्पर्धी काळाच्या पडद्याआड गेले. इनोसंट जुलैमध्यें, जॉन ऑक्टोबरमध्यें. जॉनचा नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला, आणि नोव्हेंबर १२१६ मध्यें, कांहीं कलमें गाळून, तीच सनद पुन्हां देण्यांत आली. या वेळीं तिच्यावर पोपाच्या प्रतिनिधीची, ग्वाला याची, मोहोर होती! लँग्टन १२१८ सालीं परतला. १२२५ सालीं सनद तिच्या कायमच्या रूपांत दिली गेली तेव्हां, ती मोडणारांवर बहिष्कार पडेल असें त्यानें आणि त्याच्या बिशपांनीं जाहीर केलें. ज्या शस्त्रानें पूर्वीं प्रजेचा कोंडमारा केला होता, तेंच शस्त्र या वेळीं प्रजेच्या हक्काच्या दारावर पहाऱ्याला उभें करण्यांत आलें.

पुढच्या पिढ्यांनीं या भांडणाचा आपापल्या गरजेप्रमाणें अर्थ लावला. ३३ वर्षें थकलेली खंडणी १३६६ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें कायमची नाकारली. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्रीनें रोमशीं संबंध तोडल्यावर जॉन बेल या नाटककारानें याच जॉनला पोपाच्या जुलमाला बळी पडलेला धर्मवीर बनविलें. शेक्सपिअरच्या नाटकांत पँडल्फ आहे, पोपाशीं झालेला झगडा आहे, पण मॅग्ना कार्टाचें नांवहि नाहीं. त्याच्या प्रेक्षकांना तिची तहान लागलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकांत बिशप स्टब्जसारख्या इतिहासकारानें या राजाला कठोरपणें दोषी ठरविलें. आणि विसाव्या शतकांत जमाखर्चाचे जुने दप्तर उलगडणाऱ्यांना तो मेहनती, कायदा जाणणारा, पण कोणावर विश्वास न टाकणारा राजा दिसला. हे सर्व अर्थ कमीअधिक खरे असतील. आपल्याकडील सुशिक्षितांना मात्र एक अर्थ फार लवकर सुचतो: राजसत्ता म्हणजे प्रगति आणि धर्मसत्ता म्हणजे अडसर. जॉन आणि इनोसंट यांच्या गोष्टींत हें समीकरण कोठेंच बसत नाहीं. राजाला अडविणारी सनद घडली ती पोपानें लादलेल्या माणसाच्या साहाय्यानें, आणि ती मोडली ती पोपानें, राजाच्या विनंतीवरून.

लँग्टनलाहि मी देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं. धर्मबंदीच्या काळांत तो फ्रान्समध्यें पाँटिन्यीच्या मठांत होता, आणि आपल्या देशबांधवांवर काय प्रसंग आला आहे हें त्याला पुरतें ठाऊक होतें. आपल्या गादीवरचा हक्क सोडून देऊन तो प्रसंग टाळावा, असें त्याच्या मनांत आल्याचें दिसत नाहीं. तरीहि त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला महत्त्वाचा वाटतो, तो यासाठीं कीं, ज्यानें आपल्याला पद दिलें त्याच्याच आज्ञेला, सर्व कांहीं गमावण्याची वेळ आली असतां, त्यानें नकार दिला. पद देणाऱ्याचे उपकार आणि पदाचें कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें बोलण्यास सोपें आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कोणत्याहि संस्थेंत पंचवीस वर्षें काढलेला माणूस तें आचरणांत आणणें किती कठीण आहे हें सांगूं शकेल.

लँग्टन १२२८ सालीं वारला. कँटरबरीच्या प्रधान मंदिरांतील एका लहान उपमंदिरांत त्याची दगडी शवपेटी आहे. तें उपमंदिर पुढें नव्यानें बांधतांना भिंत त्या पेटीवरूनच न्यावी लागली, त्यामुळें पेटीचा एक भाग मंदिराच्या आंत आणि दुसरा भाग बाहेर, स्मशानभूमींत, असा ती पडून आहे. बांधकामाच्या अडचणीमुळें असें झालें, त्यांत कांहीं संकेत नाहीं. मॅग्ना कार्टाचा गौरव करतांना रनिमीडच्या कुरणाबरोबर त्या आधींच्या सहा वर्षांची आठवण ठेवावी, एवढेंच मला म्हणावयाचें आहे. कारण त्या सनदेवर ज्यांचें नांव नाहीं, त्यांनींहि तिची किंमत भरलेली आहे.